बाकावरच्या मुलासाठी राज्य उभारणारी लेखिका

८ मार्च २००२. जागतिक महिला दिन. स्टॉकहोमच्या जुन्या शहरातील रस्त्यांवरून त्या दिवशी एक अंत्ययात्रा निघाली होती. थंडीत दुतर्फा उभे असलेले हजारो नागरिक, घोडागाडीत ठेवलेली शवपेटी आणि सोबत चालणारा, पाठीवर स्वार नसलेला एक पांढराशुभ्र घोडा. चर्चमध्ये स्वीडनचे राजे आणि राणी उपस्थित होते, पंतप्रधान होते. एखाद्या राष्ट्रप्रमुखाला द्यावा तसा हा निरोप होता. मात्र ज्या वृद्धेला तो दिला जात होता, तिने आयुष्यात कोणतेही सत्तापद भूषविले नव्हते. तिने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या होत्या, आणि इतरांनी लिहिलेल्या गोष्टी वाचून त्यांतल्या चांगल्या गोष्टी मुलांपर्यंत पोहोचवल्या होत्या. तिचे नाव अॅस्ट्रिड लिंडग्रेन. २८ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, ती आपल्या राहत्या घरी निवर्तली होती.

पांढरा घोडा तिच्या वाचकांना अनोळखी नव्हता. 'मिओ, माझ्या मिओ' या तिच्या अद्भुतकथेतला पोरका मुलगा पांढऱ्या घोड्यावर बसूनच दुष्ट सरदाराच्या शोधात निघतो. त्या गोष्टीची सुरुवात होते ती स्टॉकहोममधल्या एका बागेतील बाकावर एकट्याने बसलेल्या मुलापासून. हे मूल लेखिकेने नेमके कोठून आणले, हे समजून घ्यायचे तर तिच्या आयुष्याच्या एका अशा पर्वाकडे वळावे लागते, ज्याबद्दल तिने कित्येक वर्षे मौन पाळले होते.

अॅस्ट्रिडचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७ रोजी दक्षिण स्वीडनच्या स्मोलांड प्रांतात, व्हिमरबी गावाजवळच्या नेस या शेतवाडीवर झाला. वडील सॅम्युएल ऑगस्ट एरिकसन चर्चच्या मालकीची जमीन खंडाने कसत. आई हाना कामाला वाघ, शिस्तीची, पण मुलांच्या खेळात लुडबूड न करणारी. थोरला गुन्नार, मग अॅस्ट्रिड, मग स्टीना आणि इंगेगेर्ड अशी चार भावंडे. आईवडिलांचे एकमेकांवरील प्रेम आणि मुलांना मिळालेले मोकळे रान या दोन गोष्टींनी आपले बालपण घडवले, असे ती पुढे नेहमी सांगत असे. शेतातल्या कामात मुलांना हातभार लावावाच लागे. मात्र काम संपले की नदी, झाडे, गोठा आणि गवताची गंजी सारे त्यांचेच.

गोष्टींशी तिची पहिली गाठ पडली ती वाडीवरच्या गोवाऱ्याच्या घरी. तिथल्या गरिबाघरच्या स्वयंपाकघरात त्यांची मुलगी एडिट हिने चिमुकल्या अॅस्ट्रिडला एका राक्षसाची आणि एका परीची गोष्ट वाचून दाखवली. छापील अक्षरांतून असे काही बाहेर येऊ शकते, हा साक्षात्कार त्या लहानग्या जिवाला झाला आणि त्याचा अंमल पुढची नव्वद वर्षे उतरला नाही. शाळेत तिचे निबंध वाखाणले जात. १३ व्या वर्षी तिचा एक निबंध स्थानिक वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा गावाने तिला थट्टेने व्हिमरबीची सेल्मा लागरलोफ ठरवून टाकले. सेल्मा लागरलोफ म्हणजे साहित्याचे नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. त्या थट्टेचा परिणाम असा झाला की, आपण लेखिका म्हणून व्हायचे नाही, असा निश्चयच या मुलीने करून टाकला!

शाळा संपल्यावर ती त्याच वृत्तपत्रात उमेदवारी करू लागली. केस आखूड कापणारी गावातली पहिली मुलगी म्हणून तिची चर्चा झालीच होती. पण १९२६ मध्ये जे घडले, त्याने लहानशा गावात वादळ उठले. अवघ्या १८ वर्षांची अॅस्ट्रिड गरोदर होती. मुलाचा पिता होता वृत्तपत्राचा संपादक, तिच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठा, अनेक मुलांचा बाप. त्याचा घटस्फोट अजून व्हायचा होता. तो लग्नाला तयार होता. पण त्याच्याशी संसार करण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती. चर्चच्या जमिनीवर राहणाऱ्या, गावात मान असलेल्या कुटुंबातील मुलीने त्या काळात असा नकार द्यावा, ही सोपी गोष्ट नव्हती. तिने गाव सोडले आणि स्टॉकहोम गाठून लघुलेखन व टंकलेखन शिकायला सुरुवात केली.

त्या काळच्या स्वीडनमध्ये अविवाहित मातेला बाळाच्या पित्याचे नाव उघड करावे लागे. एका स्त्री वकिलाच्या सल्ल्याने ती कोपनहेगनला गेली. तेथील रुग्णालयात हे नाव न सांगता प्रसूत होण्याची सोय होती. ४ डिसेंबर १९२६ रोजी तेथे लार्सचा, म्हणजे घरच्या हाकेतल्या लास्सेचा जन्म झाला. बाळाला कोपनहेगनमधील एका प्रेमळ स्त्रीच्या हवाली करून आई स्टॉकहोमला परतली. खिशात पैसे नाहीत, भाड्याची खोली, कारकुनी नोकरी, आणि काळजाचा तुकडा समुद्रापलीकडे परक्या देशात! पोटाला चिमटा घेऊन तिकिटाचे पैसे जमले की ती रात्रीची गाडी पकडे, बाळाबरोबर एखादा दिवस काढे आणि पुन्हा कामावर हजर होई. अशी तीन वर्षे गेली.

१९२९ च्या अखेरीस त्या पालक-मातेची प्रकृती ढासळली आणि लास्सेला तिथे ठेवणे अशक्य झाले. जानेवारी १९३० मध्ये तो आईच्या भाड्याच्या खोलीत आला. तीन वर्षांचे ते पोर डॅनिश बोलत होते, डांग्या खोकल्याने बेजार होते, आणि जिला आई म्हणायचे ती बाई त्याला जवळजवळ परकी होती. काही महिन्यांनी नेसच्या आजी-आजोबांनी त्याला आपल्या घरी नेले. ज्या गावाने पाठ फिरवली होती, त्याच गावात ती आपल्या मुलाचा हात धरून ताठ मानेने चालत गेली. १९३१ मध्ये स्टुरे लिंडग्रेन यांच्याशी तिचा विवाह झाला आणि लास्सेला आईचे घर मिळाले. १९३४ मध्ये कारिनचा जन्म झाला. संसार मार्गी लागला. पण पहिल्या तीन वर्षांत आपण आपल्या मुलाजवळ नव्हतो, ही टोचणी त्या मातेच्या मनातून कधी गेली नाही. आपल्याला न समजणाऱ्या कारणांसाठी एका हातातून दुसऱ्या हातात दिले जाणारे मूल काय अनुभवते, हे तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, त्याच दिवसापासून म्हणजे १ सप्टेंबर १९३९ पासून लिंडग्रेनबाईंनी रोजनिशी लिहायला घेतली. स्वीडन तटस्थ होते, तरी १९४० पासून त्या सरकारच्या टपाल तपासणी विभागात काम करीत होत्या. परदेशात जाणारी-येणारी पत्रे त्यांच्या हातून जात. युरोपातली घरे कशी उद्ध्वस्त होत आहेत, हे त्यांना वर्तमानपत्रांइतकेच त्या पत्रांतून कळत होते. वर्तमानपत्रांतील कात्रणांसह सांभाळलेल्या त्या वह्या २०१५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जगाला एक वेगळ्याच लिंडग्रेनबाई भेटल्या. सत्तेचा उन्माद आणि त्यापुढे असहाय झालेली माणसे यांकडे डोळसपणे पाहणाऱ्या.

या काळोख्या दिवसांतच जगातली सर्वांत बलवान मुलगी जन्माला आली. १९४१ मध्ये सात वर्षांची कारिन आजारी पडून अंथरुणाला खिळली होती. तिने आईकडे पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांगण्याचा हट्ट धरला. हे विचित्र नाव तिने त्याच क्षणी रचले होते. नावच असे अचाट, तर मुलगीही अचाटच हवी. मग गोष्ट रंगत गेली. तांबड्या केसांच्या ताठ वेण्या, अंगावर घोडा उचलण्याइतके बळ, सुटकेस भरून सोन्याची नाणी, सोबतीला माकड, आणि डोक्यावर कोणीही मोठे माणूस नाही. आई स्वर्गात, बाप दूरच्या समुद्रात. ज्या काळात बळ म्हणजे दुसऱ्याला चिरडण्याचे साधन झाले होते, त्या काळात ही मुलगी अफाट बळ असूनही दुबळ्याच्या वाटेला जात नव्हती.

तीन वर्षे ही गोष्ट तोंडीच फिरत राहिली. मार्च १९४४ मध्ये बर्फावरून घसरून लिंडग्रेनबाईंचे पाऊल मुरगळले. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी शिकलेले लघुलेखन कामी आणले आणि पिप्पी कागदावर उतरवली. मे महिन्यात कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला ते टंकलिखित तिला भेट म्हणून मिळाले. त्याची दुसरी प्रत बोनिअर्स या बड्या प्रकाशनगृहाकडे गेली. आपल्याविरुद्ध बालकल्याण मंडळाकडे तक्रार होऊ नये, अशी मिस्कील आशा त्यांनी सोबतच्या पत्रात व्यक्त केली होती. बोनिअर्सने हस्तलिखित नाकारले. त्याच सुमारास राबेन आणि श्योग्रेन या नवख्या प्रकाशनगृहाच्या स्पर्धेत त्यांच्या मुलींसाठीच्या एका कादंबरीला दुसरे पारितोषिक मिळाले आणि पुढल्या वर्षी, १९४५ मध्ये, सुधारून लिहिलेल्या पिप्पीने पहिले पारितोषिक पटकावले. लेखिका न होण्याचा निश्चय असा वयाच्या ३८ व्या वर्षी कायमचा मोडला.

पिप्पीवर मुले लट्टू झाली. मोठ्यांची मात्र पंचाईत झाली. शिष्टाचार धाब्यावर बसवणारी, शाळेला न जाणारी, कॉफीपानाच्या समारंभात अख्खा केक फस्त करणारी ही मुलगी मुलांना बिघडवील, अशी ओरड १९४६ मध्ये एका नामवंत प्राध्यापकाने वृत्तपत्रातून केली. वाद पेटला. पण मुलांना आज्ञाधारक करणे म्हणजेच त्यांना घडवणे, ही समजूत तेव्हा युरोपभर नव्याने तपासली जात होती. लिंडग्रेनबाईंनी वादात उडी घेण्याऐवजी पुढचे पुस्तक लिहिले. पिप्पीच्या पुस्तकांतील काही शब्द आजच्या वाचकाला खटकतात, हेही खरे. तिच्या वडिलांच्या राजेपदासाठी वापरलेला वर्णवाचक शब्द २०१५ च्या स्वीडिश आवृत्तीत बदलण्यात आला. अभिजात ठरलेल्या पुस्तकांनाही काळाचा हिशेब चुकवता येत नाही.

१९४६ मध्ये राबेन आणि श्योग्रेनने त्यांना बालसाहित्य विभागाची संपादक म्हणून नेमले. त्या जागेवर त्या १९७० पर्यंत होत्या. वाचकांना ठाऊक असलेल्या लेखिकेच्या मागे ही संपादक काहीशी झाकली गेली. पण स्वीडिश बालसाहित्याला आलेल्या बहरात या दुसऱ्या बाईंचा वाटा पहिलीपेक्षा लहान नाही. त्यांचा दिनक्रम आखीव होता. सकाळी अंथरुणात बसून लघुलिपीत स्वतःचे लेखन, मग त्याचे टंकलेखन, दुपारी एकच्या सुमारास कार्यालय आणि संध्याकाळपर्यंत इतरांची हस्तलिखिते, चित्रे, मुद्रिते, पत्रव्यवहार. सकाळची लेखिका दुपारी कार्यालयात शिरत नसे. एकाच घरात सर्वाधिक खपणारी लेखिका आणि इतरांच्या लेखनाचा निवाडा करणारी संपादक ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असणे, ही कठीण परिस्थिती. लहान मनाच्या माणसाच्या हाती ती गेली असती, तर स्वीडनमध्ये लिंडग्रेनबाईंच्या नकला तेवढ्या निपजल्या असत्या.

तसे झाले नाही, याचे एक उदाहरण बार्बरो लिंडग्रेन यांचे. आडनाव एक असले, तरी दोघींचे नाते नव्हते. बार्बरो यांनी तरुणपणी आपले हस्तलिखित पाठवले. लिंडग्रेनबाईंनी ते नाकारले. मात्र नकाराच्या छापील चिठ्ठीऐवजी गेले ते सविस्तर पत्र. काय साधले आहे, काय साधलेले नाही, कोठे छाटावे, कोठे थांबावे, याचे जणू एक लहानसे शिक्षणच त्या पत्रात होते. बार्बरो यांनी पुन्हा लेखनाला हात घातला आणि १९६५ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे त्या स्वतंत्र, काहीशा तिरकस शैलीच्या मोठ्या लेखिका झाल्या. २०१४ मध्ये त्यांना बालसाहित्यातील ज्या सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला, तो अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्याच नावाचा होता. ज्यांनी पहिले हस्तलिखित परत केले, त्यांच्याच नावाचा सन्मान!

दुसरे उदाहरण इलॉन विकलांड यांचे. एस्टोनियात वाढलेली ही मुलगी युद्धाच्या धामधुमीत, १९४४ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी निर्वासित म्हणून स्वीडनला पोहोचली होती. दहा वर्षांनी चित्रांचे काम मागण्यासाठी ती लिंडग्रेनबाईंच्या कार्यालयात आली. 'मिओ'चे लेखन नुकतेच पूर्ण झाले होते. बाईंनी या होतकरू चित्रकर्तीला नमुन्यादाखल चित्र काढायला सांगितले. ते पाहताच त्यांच्या लक्षात आले की, घर हरवणे म्हणजे काय, हे या हाताला कोणी शिकवण्याची गरज नाही. 'मिओ' १९५४ मध्ये इलॉनच्या चित्रांसह निघाले आणि त्या दोघींची साथ पुढे अनेक दशके टिकली. लिंडग्रेनबाईंच्या अद्भुत जगाचा चेहरा म्हणून आज जो ओळखला जातो, तो बव्हंशी इलॉन यांच्या कुंचल्यातून उतरलेला आहे.

संपादक या नात्याने त्यांची नजर देशाच्या सीमेपुरती नव्हती. टोल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी स्वीडिशमध्ये नव्याने आणायचे ठरले, तेव्हा तिच्या चित्रांसाठी त्यांनी थेट टोव्हे यान्सन यांना गळ घातली. मुमिन या गोलमटोल प्राण्यांचे विश्व निर्माण करणाऱ्या फिनलंडच्या या लेखिका-चित्रकर्तीचे नाव तेव्हा सर्वदूर पोहोचले होते. १९६२ मध्ये ती आवृत्ती निघाली. अद्भुतकथेच्या क्षेत्रातील तीन शिखरे एका पुस्तकात एकत्र आली. त्यांतले एक शिखर मुखपृष्ठावर दिसत नव्हते, इतकेच. संपादकाचे काम असेच असते.

कार्यालयातल्या या कामाइतकाच सकाळचा कागदही फळत होता. १९५२ मध्ये पती स्टुरे यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी 'मिओ' आले. टेग्नेर बागेतल्या बाकावर एकटा बसलेला, कोणालाच नको असलेला, दत्तक घरात वाढणारा मुलगा अचानक दूरदेशीच्या राज्यात जातो आणि त्याला कळते की, तिथला राजा आपला बाप आहे, आणि तो इतकी वर्षे आपल्यालाच शोधत होता. स्टॉकहोमच्या त्याच बागेत एक उदास मूल बसलेले त्यांनी एकदा पाहिले होते, त्यातून ही गोष्ट सुचली, असे त्या सांगत. पण त्या बाकावर कोपनहेगनहून आलेला, खोकणारा, परक्या भाषेत बोलणारा तीन वर्षांचा मुलगाही बसलेला नव्हता, असे कोण म्हणेल? आई त्याला जे वेळेवर देऊ शकली नाही, ते लेखिकेने एका अख्ख्या राज्याच्या रूपाने दिले. तेही त्याच्यासारख्या प्रत्येकाला.

१९७३ मध्ये आलेल्या 'लायनहार्ट बंधू' या कादंबरीने पुन्हा वादळ उठवले. व्हिमरबीच्या दफनभूमीत शेजारी शेजारी असलेल्या दोन भावांच्या कबरींनी त्यांच्या मनात या गोष्टीचे बीज टाकले होते. आजारी कार्लला कळते की, आपण लवकरच मरणार. थोरला योनाथन त्याला मृत्यूनंतरच्या नांगियाला या देशाची आशा दाखवतो. मग घराला आग लागते आणि धाकट्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी मारणारा योनाथनच आधी मरतो. पुढे दोघे भाऊ त्या अद्भुत देशात एका जुलमी राजाविरुद्ध उभे राहतात. शेवटी पुन्हा मृत्यू आणि पुन्हा एक उडी, पण या वेळी धाकटा थोरल्याला पाठीवर घेतो. मुलांच्या पुस्तकात मरण इतके उघडपणे आणावे काय, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला. मुलांनी मात्र पत्रांचा पाऊस पाडला. त्यांत आजारी मुले होती, भावंड गमावलेली मुले होती. मुलांना मरण ठाऊक असते, त्याबद्दल त्यांच्याशी बोलणारे मोठे माणूस तेवढे त्यांना सापडत नाही, हे लिंडग्रेनबाईंना कळले होते.

वाचकांशी त्यांचे हे नाते आयुष्यभर टिकले. त्यांना आलेली सुमारे ७५ हजार पत्रे स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत. २००५ मध्ये त्यांच्या कागदपत्रांचा हा संग्रह युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात समाविष्ट केला.

साठी उलटल्यावर माणसे निवृत्त होतात. लिंडग्रेनबाई संपादकपदावरून उतरल्या आणि सार्वजनिक जीवनात उतरल्या. १९७६ मध्ये त्यांच्या लक्षात आले की, त्या वर्षी आपल्या मिळकतीच्या वरच्या भागावर करांचे प्रमाण १०२ टक्के भरते आहे. कमावलेल्या रकमेपेक्षा कर अधिक! त्यांनी वृत्तपत्रात अग्रलेखवजा तक्रार न करता एक परीकथा लिहिली. पॉम्पेरिपोसा नावाच्या लेखिकेची आणि तिच्या देशातल्या अजब करांची. अर्थमंत्र्यांनी बाईंना गोष्टी येतात, गणित येत नाही, अशा आशयाची टर उडवली. गणित बाईंचेच बरोबर निघाले. मग मंत्र्यांशी नोकऱ्यांची अदलाबदल करण्याची तयारी त्यांनी दाखवली, आणि देश हसला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये चार दशकांहून अधिक काळ सत्तेवर असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निवडणूक हरला. पराभवाला इतरही कारणे होती. गंमत अशी की, बाई स्वतः त्याच पक्षाच्या जुन्या मतदार होत्या.

१९७८ मध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना जाहीर झाला. पाठवलेले भाषण वाचून आयोजक चपापले. भाषण न करता पुरस्कार तेवढा स्वीकारावा, असे सुचवण्यात आले. असे असेल तर आपण येणारच नाही, असे त्यांनी कळवले, आणि अखेर फ्रँकफर्टमध्ये ते भाषण झाले. त्यांचे म्हणणे सरळ होते. जगातल्या हुकूमशहांना हिंसेचा पहिला धडा कोणी दिला, तर बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाने. शांततेची सुरुवात करायची, तर ती मुलांच्या खोलीतून. त्यांनी एका आईची गोष्ट सांगितली. मुलाने काही आगळीक केली म्हणून तिने त्याला स्वतःच छडी शोधून आणायला पाठवले. पोर बराच वेळ रडत हिंडले आणि अखेर हातात दगड घेऊन परतले. छडी मिळाली नाही, पण हा दगड मला मारता येईल, असे त्याने आईला सांगितले. ते ऐकून आई रडू लागली. तिने मुलाला पोटाशी धरले, आणि तो दगड पुढे कायम फडताळावर ठेवला. स्वतःला दिलेल्या वचनाची आठवण म्हणून.

पुढल्याच वर्षी, १ जुलै १९७९ पासून, मुलांना घरातही मारण्यास कायद्याने बंदी करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला. हा कायदा एका भाषणाने झाला नाही, त्यामागे अनेकांचे अनेक वर्षांचे काम होते. पण मुलाला दुखापतीइतकाच अपमान होतो, ही जाणीव एका अख्ख्या पिढीत रुजवण्याचे काम पिप्पी, एमिल आणि मिओ यांनी तीस वर्षे केले होते, हे विसरता येणार नाही.

१९८१ मध्ये 'रोन्या' ही दरोडेखोराच्या मुलीची कथा आली. ती त्यांची शेवटची मोठी कादंबरी. १९८६ मध्ये लास्से गेला, ५९ वर्षांचा. ज्या मुलाची बाळपणीची तीन वर्षे हुकली, त्याचा अंतही आईला पाहावा लागला. दुःख त्यांनी जवळच्यांपुरते ठेवले आणि कामाला लागल्या. क्रिस्टीना फोरस्लुंड या पशुवैद्यक विदुषीबरोबर त्यांनी कोंडवाड्यात जगणाऱ्या गाई, डुकरे आणि कोंबड्यांसाठी वृत्तपत्रांतून लेख लिहिले. त्यांच्या ८० व्या वाढदिवशी पंतप्रधान नव्या कायद्याची बातमी घेऊन भेटायला आले. १९८८ चा पशुसंरक्षण कायदा लोकांनी त्यांच्याच नावाने ओळखला. स्वतः बाई मात्र त्याच्या मवाळ स्वरूपावर नाराज होत्या, आणि ते त्यांनी लपवले नाही. १९९४ मध्ये पर्यायी नोबेल म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला. साहित्याचे नोबेल मिळाले नाही.

म्हातारपणी त्यांनी गंभीर चेहरा धारण केला नाही. पासष्टी उलटल्यावरही झाडावर चढताना त्यांचे छायाचित्र टिपले गेले. म्हाताऱ्यांनी झाडावर चढू नये, असा कोणताही धार्मिक दंडक आपल्याला ठाऊक नसल्याची त्यांची त्यावरची मल्लिनाथी होती. भाऊ गुन्नार गेल्यावर उरलेल्या तिघी बहिणी रोज दूरध्वनीवर बोलत. संभाषणाची सुरुवात मृत्यू हा शब्द दोनदा उच्चारून होई. तो विषय एकदाचा उरकला, की मग मनमोकळ्या गप्पा सुरू. नजर अधू झाली, कान मंदावले, तरी दालागाटन रस्त्यावरचे, १९४१ पासूनचे घर त्यांनी सोडले नाही. पिप्पीची गोष्ट ज्या घरात लिहिली गेली, त्याच घरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

निधनानंतर त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारने त्यांच्या नावाने ५० लाख क्रोनरचा आंतरराष्ट्रीय बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. २०१५ पासून वीस क्रोनरच्या नोटेवर त्यांची छबी आहे. त्यांची पुस्तके शंभराहून अधिक भाषांत गेली असून १६ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. एवढ्या मानमरातबात त्यांच्या सहकाऱ्यांना आठवते ती दुपारी कार्यालयात येऊन दुसऱ्याचे हस्तलिखित आपलेच असल्यासारखे वाचणारी बाई. आणि अनोळखी मुलांना आठवते ते त्यांचे पत्राला आलेले उत्तर.

लिंडग्रेनबाई व्हिमरबीला परतल्या. जिथून १८ व्या वर्षी बाहेर पडावे लागले, त्याच गावच्या दफनभूमीत, आईवडिलांच्या सान्निध्यात त्या विसावल्या आहेत. नेसचे घर आजही पाहता येते. तिकडे जाणाऱ्यांत मुले पुढे असतात आणि मोठी माणसे त्यांच्या मागून चालत असतात. बाईंना नेमका हाच क्रम पसंत होता.